कागदावर उतरलेला हात
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या विषयाचे नाव फलकावर लागल्यापासून अनेक सभासदांनी आम्हांस वाटेत थांबवून एकच प्रश्न केला. मराठी मंडळात नाट्यसंगीतावर बोलावे, संतसाहित्यावर बोलावे. हा आपोआप वाजणारा साहेबी पियानो येथे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या घरच्या एका वहीत आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आमच्या वडिलांस पायपेटीचा नाद होता. नाटकांच्या पेटीवादकांची, त्यांत विशेषतः गोविंदराव टेंबे यांची कीर्ती ऐकत जी पिढी वाढली, त्या पिढीतले ते. व्यवसायाने शाळामास्तर, परंतु गावात कोठेही नाटक वा भजन असले की साथीला पेटी त्यांचीच. ते गेले तेव्हा त्यांच्या हातची एक वही आमच्या वाट्यास आली. पंडित भातखंड्यांच्या पद्धतीने स्वरलेखन केलेली काही पदे तीत आहेत. अक्षर मोत्यासारखे आहे. स्वर सापडतात, मात्रा सापडतात, सम सापडते. वडील मात्र सापडत नाहीत. कोणत्या स्वरावर ते पाय दाबीत, कोठे भाता सैल सोडीत, कोठे क्षणभर अडून मग समेवर येत, यांतले काहीही त्या वहीत नाही.

स्वर लिहून ठेवता येतो. भाव कसा लिहावा? हा प्रश्न आमच्या एकट्याचा नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनी व अमेरिकेतील काही यंत्रकारांनी तो अक्षरशः हाती घेतला आणि चामडे, रबर, लाकूड व कागद यांच्या साहाय्याने सोडवू पाहिला. तो प्रयत्न कोठवर साधला आणि कोठे थांबला, हे आज सांगावयाचे आहे.

या विषयाशी आमची गाठ पडली ती कलकत्त्यास. हवेच्या दाबावर चालणारी नियंत्रक यंत्रे सांभाळणे हा आमचा व्यवसाय. १९७६ सालच्या हिवाळ्यात एका परिचिताने आम्हांस मध्य कलकत्त्यातील एका जुन्या घरी नेले. तेथील वृद्ध गृहस्थांकडे एक उभा पियानो होता. त्याच्या पोटात दोन सरकती दारे, आत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी आणि खाली पायपेटीला असतात तशा दोन पायट्या. पायट्या हलविल्या की गुंडाळी फिरे आणि पट्ट्या आपोआप खाली-वर होत. वाद्य वाजत होते खरे. परंतु मुख्य चाल दबून जाई आणि खर्जातली साथच डोके वर काढी. आमच्या परिचिताचे म्हणणे एवढेच, की हवेचे यंत्र आहे, तुम्ही हवेचे जाणकार आहात, तेव्हा पाहा. आम्ही पाहिले, आणि पुढे कित्येक रविवार तेथेच गेले.

या यंत्राचे मर्म कळण्यासाठी आधी पियानोचे मर्म कळावयास हवे. इसवी सन १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य घडविले. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा की जोराने, नादाचे लहानमोठेपण जवळजवळ तेच राही. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी तारेवर हातोडी मारण्याची योजना केली. बोट हळुवार पडले तर नाद लहान, जोराने पडले तर मोठा. ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोराने. वाद्याचे मूळ नावच या दोन शब्दांचे होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तारेवर आदळण्यापूर्वी शेवटच्या क्षणी हातोडी पट्टीच्या यंत्रणेपासून सुटते. त्यानंतर वादकाची कितीही इच्छा असली तरी त्या आघातात बदल करता येत नाही. म्हणजे एका स्वराबाबत वादकाच्या हाती मुख्यतः तीनच गोष्टी उरतात: हातोडी केव्हा सुटावी, किती वेगाने सुटावी आणि पट्टी केव्हा सोडावी. याखेरीज पायाखालच्या दोन कळा, एक नाद लांबविणारी व एक मंदावणारी. आपल्या सारंगीवर किंवा गळ्यावर हा हिशेब लागू पडणार नाही. तेथे स्वर उमटल्यावरही तो वळविता येतो, फुलविता येतो, मींड घेता येते. पियानोची ही मर्यादा होय. पण नेमक्या या मर्यादेमुळेच पियानोवादकाचा भाव मोजून कागदावर उतरविण्याची आशा यंत्रकारांस वाटली.

१८९५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एडविन व्होटी यांनी पियानो वाजविणारे एक यंत्र तयार केले. ‘पियानोला’ या नावाने एओलियन कंपनीने ते बाजारात आणले आणि पुढे ते नाव या साऱ्या जातीलाच चिकटले. पहिला पियानोला ही एक स्वतंत्र पेटी होती. ती पियानोसमोर सरकवावयाची; तिची नमद्याने मढविलेली लाकडी बोटे पट्ट्यांवर पडत. कालांतराने हेच यंत्र पियानोच्या पोटात बसविले गेले. प्रथम गुंडाळ्या ६५ स्वरांच्या होत्या. १९०८ साली अमेरिकेतील बफलो येथे कारखानदारांनी एकत्र बसून मापे ठरविली आणि पियानोच्या सर्वच्या सर्व ८८ स्वरांची गुंडाळी प्रमाण झाली. एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर चालू लागली.

आतली रचना मोठी कौतुकास्पद आहे. पायट्यांनी भाता चालतो. पण तो हवा फुंकत नाही, ओढतो. कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीला प्रत्येक स्वराचे एक छिद्र आणि प्रत्येक छिद्रामागे एक बारीक नळी असते. कागद अखंड आहे तोवर नळीचे तोंड बंद. कागदातले छिद्र त्यावर आले की बाहेरची हवा नळीत शिरते आणि चामड्याचा एक पातळ पडदा फुगविते. पडदा झडप उचलतो. झडप त्या स्वराच्या छोट्या भात्याचा मार्ग ओढीला खुला करते. भाता मिटतो आणि हातोडी उडते. कागद पुन्हा अखंड झाला की आत कोंडलेली हवा एका सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निसटते आणि सारे पूर्ववत होते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. कागद स्वतः काहीच करीत नाही. तो केवळ वाट देतो किंवा अडवितो.

येथपर्यंत स्वर आले, मात्रा आल्या. म्हणजे आमच्या वडिलांची वही आली. पण सर्व भात्यांना ओढ सारखीच असल्यामुळे प्रत्येक हातोडी एकाच वेगाने आदळे. बिनचूक आणि निर्जीव असे ते वादन होते. त्या काळच्या संगीतज्ञांनी या यंत्राला नाके मुरडली, यात नवल नाही.

पहिला उपाय वाजविणाऱ्याच्या पायात होता. ओढ वाढली की छोटा भाता झपाट्याने मिटतो आणि हातोडी वेगाने जाते. म्हणून कुशल माणूस पायटी एकसारखी चालवीत नसे. जेथे आघात हवा तेथे नेमका त्या क्षणी पाय दाबी. जेथे हळुवारपणा हवा तेथे पाय जवळजवळ उचलून घेई. आपल्यातील पायपेटी वाजविणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. युरोपातील हार्मोनियमला ‘एक्स्प्रेशन’ नावाची एक खुंटीच असे. ती ओढली की हवेचा साठा करणारा भाता बंद होई आणि पायाचा प्रत्येक दाब थेट सुरात उमटे. वाजविणे अवघड होई. पण सूर जिवंत होई.

दुसरा उपाय लयीचा. एओलियन कंपनीने ‘मेट्रोस्टाइल’ नावाची योजना काढली. गुंडाळीच्या कागदावर एक नागमोडी तांबडी रेघ छापलेली असे. लयीच्या दांडीला एक दर्शक जोडलेला असे. डाव्या-उजव्या बाजूला सरकणाऱ्या रेघेवर तो दर्शक धरून ठेवला की लय कोठे रेंगाळावी व कोठे धावावी, हे नामांकित वादकाच्या सांगण्याप्रमाणे साधे.

तिसरा उपाय चालीला साथीतून वर काढण्याचा. त्याचे नाव ‘थीमोडिस्ट’. गुंडाळीच्या दोन्ही कडांना दोन-दोन बारीक छिद्रांच्या जोड्या पाडलेल्या असत. जोडी आली की पट्ट्यांच्या त्या अर्ध्या भागाला तेवढ्या क्षणापुरती पूर्ण ओढ मिळे; एरवी ती दबलेली राही. पण येथे एक अडचण होती. अर्ध्या भागातल्या सर्व स्वरांना ओढ एकच. चालीचा स्वर आणि साथीचे स्वर एकाच क्षणी वाजले तर सारेच उसळणार! यावर कागद कापणाऱ्यांनी अशी युक्ती काढली, की चालीचा स्वर साथीपासून क्षणाच्या बारीकशा अंशाने मागे-पुढे सरकवावयाचा. कानाला ते दोन्ही एकत्रच वाटतात. यंत्राला ते वेगळे ठेवता येतात.

आमच्या कलकत्त्याच्या वाद्यात बिघाड होता तो नेमका येथेच. रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या आणि चालीच्या झडपेमागचा चामडी पडदा बंगालच्या दमट हवेने ताठरला होता. आम्ही बाजारातून नळी आणली, एका जिनगराकडून पातळ चामडे मिळविले आणि तिसऱ्या रविवारी चाल साथीच्या वर आली. मालकांना आनंद झाला. तथापि ऐकता ऐकता ते म्हणाले, की वाजते ठीक, परंतु आपली दिवंगत बहीण वाजवीत असे तसे हे नव्हे. मग त्यांनी गुंडाळी उलगडून दाखविली. छापील रेघेशेजारी शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या: येथे पाय दाबा, येथे थांबा. खुणा बहिणीच्या हातच्या होत्या. आम्ही दर्शक सोडून दिला आणि त्या खुणांवर पाय चालविला. त्या दिवशी आम्हांस आमची वही आठवली.

असो. बहीण नसली, वाजविणारा कोणीच नसला, तरी भाव उमटावा, ही पुढची महत्त्वाकांक्षा होती. ती ज्या वाद्यांनी धरली त्यांना पुनर्वादक पियानो म्हणता येईल. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीच्या एडविन वेल्टे व कार्ल बोकिश यांनी १९०४ साली याचे पेटंट घेतले आणि ‘वेल्टे-मिन्यों’ हे वाद्य जन्मास आले. याला पायट्या नाहीत; भाता विजेवर चालतो. याच्या तांबड्या कागदावर एकूण १०० छिद्रांच्या जागा होत्या. त्यांपैकी ८० स्वरांसाठी आणि तब्बल २० भाव, कळा व इतर नियंत्रण यांसाठी! वहीतल्या पानाचा पाचवा हिस्सा असा मोकळा ठेवण्याचे आमच्या वडिलांना सुचले असते, तर आज आम्हांस एवढे चाचपडावे लागले नसते.

वेल्टेची पद्धत भरती-ओहोटीची होती. एका छिद्राने ओढ सावकाश चढू लागे, दुसऱ्याने एकदम उसळे, तिसऱ्याने उतरे. आणि मधल्या एका उंचीवर अडकविण्यासाठी एक आकडा असे. आताची ओढ कोठे आहे, हे कागद थेट सांगत नाही. आधीच्या क्षणापासून ती किती काळ चढली किंवा उतरली, यावर ते ठरते.

अमेरिकेत एओलियन कंपनीच्या ‘ड्युओ-आर्ट’ने १९१४ च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिची रीत ऐकून आपल्यातील ज्येष्ठांना गंमत वाटेल. यात चालीसाठी चार व साथीसाठी चार, असे घडीचे छोटे भाते असत. त्यांच्या मिटण्याची मापे एक षोडशांश इंच, एक अष्टमांश इंच, पाव इंच आणि अर्धा इंच. मेट्रिक मापे येण्यापूर्वीची आपली वजने आठवावीत: छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर! या चार वजनांनी वाणी जसा छटाकेपासून पंधरा छटाकांपर्यंतचे कोणतेही वजन जोखतो, तसेच हे चार भाते वेगवेगळ्या जोडीने मिटवून ओढीच्या पंधरा पायऱ्या आणि एक शून्य, अशा सोळा पायऱ्या मिळत. चालीच्या सोळा निराळ्या, साथीच्या सोळा निराळ्या.

पायरी ठरल्यावर ओढ तेथेच स्थिर ठेवण्याचे काम नियामक करतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे वजन जसे आतला दाब ठराविक मर्यादेत ठेवते, तसेच येथे एक स्प्रिंग ठेवते. ओढ वाढली की स्प्रिंगने धरलेला भाता मिटून वाट अरुंद करतो. घटली की वाट मोकळी करतो. घडीचे भाते बदलतात ते या नियामकाची बैठक. ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत मोजतात. अगदी मंद स्वराला पाचसहा इंच पुरतात; जोरकस आघाताला तीस इंचांच्या आसपास वा त्याहूनही अधिक लागते. वातावरणाचा पूर्ण दाब या मापाने सुमारे चारशे इंच भरतो. म्हणजे अलगद स्पर्शापासून गर्जनेपर्यंतचा सारा विस्तार हवेच्या एका लहानशा अंशात सामावलेला आहे. तिसरी पद्धत अमेरिकन पियानो कंपनीच्या ‘अँपिको’ची. चार्ल्स स्टॉडर्ड यांची ही रचना पायऱ्या आणि भरती-ओहोटी या दोहोंचा मेळ घालणारी होती.

या वाद्यांसाठी कोणी वाजविले ती नामावली थक्क करणारी आहे. वेल्टेसाठी ग्रीग, सँ-साँस, देब्युसी, स्क्रियाबिन, बुसोनी, पादेरेव्स्की यांनी वाजविले. कार्ल रायनेके यांनीही वाजविले; त्यांचा जन्म १८२४ चा! अँपिकोसाठी रखमानिनोव्ह यांनी आणि ड्युओ-आर्टसाठी गर्शविन यांनी वाजविले. गुस्ताव्ह माहलर यांनी ९ नोव्हेंबर १९०५ रोजी आपल्याच रचना वेल्टेच्या चार गुंडाळ्यांसाठी वाजविल्या. माहलर १९११ साली निवर्तले. त्यांच्या हाताची दुसरी कोणतीही ध्वनिखूण जगात नाही. आहे ती ही चार गुंडाळ्यांतली छिद्रे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही छिद्रे खरोखर त्या हातांची आहेत काय? पट्टी केव्हा दाबली व केव्हा सोडली हे विजेच्या साहाय्याने कागदावर नोंदविणे सोपे होते. दाबाचा जोर कसा नोंदविला, हे वेल्टे कंपनीने गुप्त ठेवले. पट्ट्यांखाली पाऱ्याची पन्हळ होती, अशी एक कथा सांगतात. अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. ड्युओ-आर्टची रीत मात्र ज्ञात आहे. कलावंत वाजवीत असता एक जाणता माणूस शेजारी बसून, कानाने ऐकून, चकत्या फिरवीत पायऱ्या नोंदवी. नंतर दोघे मिळून गुंडाळी ऐकत, चुका सुधारीत आणि समाधान झाल्यावर कलावंत मान्यतेची सही करी. जुन्या फोटो स्टुडिओत काचेवर पेन्सिल फिरवून चेहरा सारखा करीत, तसेच हे. म्हणून काही लोक या गुंडाळ्यांना खोट्या ठरवितात. आमचे मत तसे नाही. क्षणांची नोंद कलावंताची, जोराची नोंद एका जाणत्या श्रोत्याची आणि संमती पुन्हा कलावंताची. ही साक्ष एकाची नव्हे, दोघांची आहे, एवढे ध्यानात ठेवून ती ऐकावी. रखमानिनोव्ह यांच्यासारख्यांनी काही रचना ग्रामोफोनसाठीही वाजविल्या आहेत. तेथे दोन साक्षी ताडून पाहता येतात.

या उद्योगाचा बहर अल्पकाळ टिकला. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंत निम्म्याहून अधिक स्वयंवादक होते. मग घरोघर रेडिओ आला, १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि १९२९ च्या मंदीने उरलेसुरले संपविले. १९३२ साली एओलियन व अमेरिकन या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकत्र यावे लागले. फ्रायबुर्गचा वेल्टे कारखाना २७ नोव्हेंबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला. ज्यांच्यापाशी गुपिते होती ती माणसेही काळाच्या ओघात गेली. उरल्या त्या गुंडाळ्या, आणि कोणाच्या तरी घरात धूळ खात पडलेली वाद्ये.

आता आमच्या व्याख्यानाच्या गाभ्याकडे येतो. गुंडाळी शाबूत आहे म्हणून भाव शाबूत आहे काय? नाही. ड्युओ-आर्टच्या कागदावर फक्त ‘सातवी पायरी’ एवढेच लिहिलेले असते. सातवी म्हणजे किती, हे कागदाला ठाऊक नाही. ते ठरते वाद्याचे शून्य कोठे बांधले आहे यावर. जाणकार कारागीर प्रथम चाचणीची गुंडाळी लावतो आणि नियामक असा जुळवितो, की शून्याच्या पायरीवर स्वर जेमतेम उमटावा. त्याहून जरा कमी केले तर उमटूच नये. हे एक शून्य साधले की वरच्या साऱ्या पायऱ्यांना अर्थ येतो. ते चुकले की तेच छिद्र, तोच कागद, पण कुजबुजीची किंकाळी होते किंवा किंकाळीची कुजबुज. वेल्टेच्या बाबतीत ही अडचण अधिकच. ओढ किती वेगाने चढावी हे जुळविण्यात थोडा फरक पडला तर पुढचे सारे वाक्यच बिघडते. म्हणून माहलर यांची एकच गुंडाळी दोन वाद्यांवर दोन निराळ्या माणसांनी वाजविल्यासारखी ऐकू येते.

थोडक्यात, कागदाने अर्धेच जतन केले आहे. उरलेले अर्धे आजच्या माणसाने चामडे बदलून, नळ्या जोडून, कान लावून पुन्हा घडवावे लागते. तंबोरा जसा प्रत्येक बैठकीत नव्याने लावावा लागतो, तसेच हे.

हे काम आजही चालू आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ साली हजारो गुंडाळ्यांचा एक संग्रह मिळविला आणि गुंडाळ्यांची चित्रे घेऊन त्यांतील छिद्रे संगणकाला वाचता येतील अशी नोंद करण्याचे काम हाती घेतले. आज आपल्या नातवंडांच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्येही हीच कल्पना नांदते आहे. १९८३ साली सुरू झालेल्या ‘मिडी’ पद्धतीत स्वराच्या आघाताला ० ते १२७ असा आकडा असतो. ड्युओ-आर्टच्या सोळा पायऱ्या अर्ध्या पट्ट्यांना मिळून होत्या. येथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र आकडा आहे. पायऱ्या वाढल्या, पण शून्य कोठे बांधावे, हा प्रश्न तसाच आहे.

आमच्या वहीचे पुढे काय झाले, ते सांगून आवरते घेतो. १९७७ सालच्या मे महिन्यात रजेवर गावी गेलो, तेव्हा ती वही बरोबर नेली. आमच्या आत्याबाई तेव्हा हयात होत्या. त्यांना एकेक पद पेटीवर वाजवून दाखविले. त्या जात्यावर बसणाऱ्या. स्वरलेखन त्यांना ठाऊक नव्हते. पण ऐकता ऐकता त्या हात वर करीत. दादा येथे इतका जोर लावत नसे, म्हणत. येथे तो थांबायचा आणि सगळे त्याच्याकडे बघायचे, म्हणत. आम्ही पेन्सिल घेऊन स्वरांखाली खुणा केल्या. आठ दिवसांत चार पदे झाली. पाचव्या पदापाशी त्यांना काही आठवेना, म्हणून ते पान तसेच कोरे ठेवले आहे. चार पदांत वडील पूर्ण सापडले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तीही दोघांची साक्ष आहे, त्यांची आणि आत्याबाईंची. परंतु वहीत पूर्वी जे नव्हते, ते काहीतरी आता आहे.

बंधुभगिनींनो, आपण सारे गावापासून दूर राहणारी माणसे. आपण येताना बरोबर काय आणले? आरत्यांची पुस्तके आणली, पदांच्या वह्या आणल्या, पाककृतींचे कागद आणले. ती आपली गुंडाळी आहे, आणि मंडळाच्या कपाटात ती पन्नास वर्षे नीट राहिली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात ज्यांनी आरती म्हटली, त्यांतले किती जण आज या सभागृहात बसले आहेत? कोणत्या ओळीवर टाळ चढत असे, कोणत्या ओळीला सारे गप्प होत, हे त्यांना ठाऊक आहे. पुस्तकाला ठाऊक नाही. कार्यकारिणीस आमची एवढीच विनंती, की या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ज्येष्ठांशेजारी एकेक तरुण सभासद बसवावा, त्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि समासात खुणा करून घ्याव्यात. हे काम शताब्दीसाठी राखून ठेवता येणार नाही.

आणि खुणा झाल्या म्हणून काम संपले, असेही नव्हे. त्या खुणांवर कोणीतरी पाय दाबावा लागेल. आमचा नातू परवा कीबोर्डवर त्या चार पदांपैकी एक वाजवीत होता. थांबावयाच्या जागी तो थांबला. जरा अधिकच थांबला. आम्ही त्याला टोकले नाही.